पेडल दाबलं, मग हालचाल गेली कुठे?

"क्लच गेलाय" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. गेलाय म्हणजे नक्की काय झालंय? गिअर पडत नाही, की गिअर पडतो पण गाडी ओढत नाही? पेडल जड झालंय, की पाय ठेवताच खाली टेकतंय? यातल्या प्रत्येक तक्रारीचं मूळ वेगळ्या जागी असतं. आणि त्यातल्या बऱ्याच जागा गिअरबॉक्स न उतरवता, एक टॉर्च आणि दोन बोटं एवढ्या भांडवलावर तपासता येतात. गॅरेजात मात्र बोलणं बऱ्याचदा "प्लेट, प्रेशर, बेअरिंग, सगळा सेटच टाकून घ्या" इथूनच सुरू होतं. सेट टाकायला माझी हरकत नाही. फक्त दोष मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल पुढे ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये, असेल तर नवा कोरा सेट टाकूनही पेडल जसं होतं तसंच राहणार, एवढंच.

मी काही गाड्यांची मेकॅनिक नाही. नोकरीची सगळी वर्षं हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत गेली. पण प्रेस काय आणि क्लच काय, दट्ट्या, सील, तेल आणि त्या तेलात घुसलेली हवा यांचे उद्योग सगळीकडे सारखेच. प्रेस पूर्ण दाब घेत नाही अशी तक्रार आली की आम्ही पंपापासून रॅमपर्यंत, म्हणजे जोर लावणाऱ्या मोठ्या दट्ट्यापर्यंत, एकेक सांधा बघत जायचो आणि दाब कुठल्या दोन सांध्यांच्या मध्ये गळपटतोय ते हुडकायचो. क्लचच्या पेडलकडेही मी तसंच बघते. पायाने हालचाल दिली. ती पलीकडे किती पोचली? नाही पोचली, तर वाटेत कुठे सांडली?

आकडे बघितले की हे लगेच डोक्यात बसतं. पेडल साधारण १२ ते १५ सेंटीमीटर खाली जातं. दुसऱ्या टोकाला रिलीज बेअरिंग, म्हणजे पायाचा दाब फिरत्या क्लचला पोचवणारं बेअरिंग, जेमतेम ८ ते १० मिलिमीटर सरकतं, आणि क्लच प्लेटला इंजिनशी दाबून धरणारी प्रेशर प्लेट क्लच प्लेटवरून उचलली जाते ती फक्त दीड-दोन मिलिमीटर. पायाला जोर कमी लागावा म्हणून मधल्या तरफांनी आणि सिलिंडरांनी अंतराच्या बदल्यात जोर मिळवलेला असतो. याची दुसरी बाजू अशी की पेडलपाशी अडीच-तीन सेंटीमीटर फुकट गेले, की बेअरिंगपाशी दोन मिलिमीटर कमी पडतात आणि क्लच अर्धवट सुटतो.

अडीच सेंटीमीटर म्हणजे एकावर एक टाकलेल्या दोन जाड मॅट, आणि त्यातली वरची दुमडून पेडलखाली गेलेली. हसू नका. सगळ्यात आधी मॅट बाहेर काढा आणि पेडल हाताने थेट तळापर्यंत दाबून बघा. त्याच वेळी सीट किती मागे आहे तेही बघा. गुडघा पूर्ण सरळ झाल्यावरही पेडल तळाला टेकत नसेल तर दोष बसण्यात आहे. या दोन गोष्टींनी सुटणारी तक्रार घेऊन गॅरेजात जाण्यात अर्थ नाही.

मॅट निर्दोष सुटली, की ठरवायचं ते एवढंच: क्लच सुटत नाहीये, की पकडत नाहीये? सुटणं म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होणं, पकडणं म्हणजे ते जोडले जाणं.

सुटत नाहीये का, हे उभ्या गाडीत कळतं. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडला तर गाडी जराशी पुढेमागे ढकलून परत बघा, कधी कधी दात समोरासमोर आलेले असतात. बंद इंजिनवर गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर क्लच सुटत नाहीये. बंद असतानाही अडत असतील तर क्लचला दोष देऊ नका, गिअर लिव्हरपासून निघणाऱ्या लिंकेजकडे नाहीतर गिअरबॉक्सकडे वळा. आणखी खात्री हवी असेल तर रिव्हर्सची परीक्षा घ्या. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग हळूच रिव्हर्स टाकायचा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो, म्हणजे फिरणाऱ्या दातांना सांभाळून घेणारं कुणी नसतं. क्लच नीट सुटला असेल तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबलेला असतो आणि गिअर मुकाट्याने पडतो. कर्रर्र झालं, तर शाफ्टला इंजिनकडून अजून थोडी ओढ मिळतेय.

पकडत नाहीये का, ते रस्त्यावर कळतं. मोकळा रस्ता, वरचा गिअर, मध्यम वेग, आणि ॲक्सिलरेटर एकदम खाली. इंजिनचा आवाज आणि आर.पी.एम.चा काटा चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतोय. चढावर हे आणखी स्पष्ट दिसतं, आणि मागोमाग जळका वास येतो. हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, अशीही एक चाचणी सांगतात. मला ती पसंत नाही. क्लच अगदीच संपला असेल तरच तिच्यातून काही कळतं, आणि अगदीच संपलेला क्लच तसाही रस्त्यावर स्वतःहून सांगतो. उरलेल्यांना ती नुसती भाजून काढते.

आता पेडलपासून सुरुवात करून आत आत जाऊ. पेडलची हालचाल पुढे नेण्याच्या रीती दोन: काही गाड्यांत तारेची केबल, काहींत तेल, म्हणजे हायड्रॉलिक.

डॅशबोर्डखाली डोकं घालून पेडल हाताने आडवं हलवा. थोडंसं हलणं चालतं. खुळखुळ्यासारखं वाजलं तर वरचा बुश गेलाय. मग पेडलला जो दांडा जोडलेला असतो त्याच्या पिनकडे बघा. त्या पिनचं भोक वर्षानुवर्षं घासून लंबगोल होतं, आणि त्या लंबगोलाएवढी हालचाल प्रत्येक दाबाला वाया जाते. भोकातला एक मिलिमीटर म्हणजे पायाखालचे पाच-सहा. त्याच फेरीत पेडलचा ब्रॅकेट जिथे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला, बसतो तिथे टॉर्च मारा. दुसऱ्या कुणाला पेडल दाबायला सांगा आणि ब्रॅकेट किंवा त्यामागचा पत्रा श्वास घेतल्यासारखा हलतो का ते बघा. केबलच्या जुन्या गाड्यांमध्ये पत्र्याला वेल्डिंगपाशी तडा जातो. मग पाय पत्रा वाकवत बसतो आणि केबल आपली जागच्या जागी.

केबलच्या गाडीत पुढचं काम सोपं आहे. केबल फोर्कपासून, म्हणजे रिलीज बेअरिंगला ढकलणाऱ्या तरफेपासून, सोडवा आणि पेडल हाताने दाबून बघा. आता ते हलकं झालं, तर जडपणा पलीकडे आहे: कोरडा पडलेला फोर्कचा पिव्होट, बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती नळी, किंवा जुनी झालेली प्रेशर प्लेट. केबल सोडवल्यावरही पेडल जडच, तर केबलच बदला. आतल्या तारांपैकी एखादी तुटली की तिचं टोक आवरणात रुतत जातं आणि पेडलला बारीक खरखर जाणवते. केबल कुठे काटकोनात वळलीय का, सायलेन्सरच्या पाइपला चिकटून भाजतेय का, हेही तेव्हाच बघून घ्यावं. नवी केबल टाकताना जुन्याच वाकड्या वाटेने ओढून घेतली तर ती टिकणार नाही.

केबल सारखी सारखी जात असेल तर मात्र एक भलतीच जागा तपासायची असते: इंजिनची अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी वेगळी जाड पट्टी किंवा वायर लागते. ती गंजली किंवा सुटली की स्टार्टरचा प्रचंड करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी धातूची दुसरी वस्तू म्हणजे क्लचची केबल. तिच्यातून करंट गेला की ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि पेडल जड होतं. माणूस केबलवर केबल बदलत राहतो आणि दोष असतो एका गंजलेल्या बोल्टमध्ये. इलेक्ट्रिकल दोष पायाला जाणवावा, हे मला अजूनही भारी वाटतं.

केबलच्या गाडीत पेडलला वर थोडा खेळ हवा. तो किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, साधारण एक ते तीन सेंटीमीटर. हाताने दाबताना आधी सहज जातं आणि मग जोर लागायला लागतो, त्यामधलं अंतर पट्टीने मोजा. क्लच प्लेट जशी झिजते तशी डायफ्रॅम स्प्रिंगची (प्रेशर प्लेटला जोर देणाऱ्या तबकडीसारख्या स्प्रिंगची) बोटं बेअरिंगच्या दिशेने बाहेर येतात, खेळ कमी होत जातो आणि क्लच वर वर पकडायला लागतो. खेळ शून्यावर आला की पाय नसतानाही बेअरिंग बोटांवर दाबून राहतं, आणि चांगली प्लेटसुद्धा घसरायला लागते. आधी ॲडजस्टमेंटचा नट बघावा, प्लेटचा विचार नंतर. स्वतःच ॲडजस्ट होणाऱ्या दातेरी यंत्रणेच्या गाड्यांमध्ये हा नट नसतो, तिथे दातांवरून खटका घसरतोय का ते बघायचं.

"क्लच वर पकडतो म्हणजे प्लेट संपली" हे जे सर्रास ऐकू येतं, ते या केबलवाल्या गाड्यांपुरतं बरंचसं खरं आहे. हायड्रॉलिकमध्ये स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच दाबणाऱ्या पलीकडच्या सिलिंडरचा, दट्ट्या झिजेप्रमाणे मागे सरकून घेतो, म्हणून पकडण्याची जागा फारशी हलत नाही. प्लेट झिजल्याची खूण तिथे पेडल हळूहळू जड होण्यात दिसते. म्हणून हायड्रॉलिक क्लचची पकड आठवडाभरात वरची खाली आली, तर मी प्लेटचं नावही काढत नाही. तेलाकडे बघते.

आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे.

भाचीची गाडी हायड्रॉलिक क्लचची. तिची तक्रार अशी की सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून उभी राहिली की थोड्या वेळाने गाडी आपली आपण पुढे सरकायला बघते. पाय उचलून परत दाबला की ठीक. सकाळी काही नाही, रहदारीत तासभर गेला की सुरू. प्लेट बदलावी लागेल असं तिला सांगण्यात आलं होतं.

"आत्या, दोनदा पंप केला ना, की बरं होतं."

अगं, मग निम्मं निदान तूच केलंस की! झिजलेली प्लेट पंप केल्याने बरी होत नाही. बेअरिंग बरं होत नाही. पंप केल्याने बरं होणारं या सगळ्या साखळीत एकच आहे, ते म्हणजे तेल. एकतर तेलात हवा आहे, नाहीतर तेल दाबाखाली कुठून तरी निसटतंय.

हे दोन वेगळे करता येतात. हवा असेल तर पेडल पहिल्यापासूनच स्पंजवर पाय ठेवल्यासारखं लागतं, पण दाबून धरलं तर जिथे आहे तिथे राहतं, कारण हवा दबते, पळून जात नाही. तेल निसटत असेल तर सुरुवातीला पेडल ठणठणीत लागतं आणि धरून ठेवलं की क्लच हळूहळू परत पकडायला लागतो. आमच्याकडे प्रेसचा रॅम दाबाखाली थांबवून तो खाली उतरतो का ते घड्याळ लावून बघायचे. क्लचलाही तेच लागू आहे.

टाकीतलं तेल खुणेपाशी होतं. इथेच बरेच जण फसतात. तेल कमी झालं नाही म्हणजे गळती नाही असं वाटतं. पण मास्टर सिलिंडरच्या आतल्या दट्ट्यावर रबराचा कप असतो. त्याची कड झिजली की दाबाखालचं तेल त्या कडेवरून मागे निसटतं आणि परत आपल्याच टाकीत येतं. बाहेर एक थेंब पडत नाही. याची एक खोड अशी की पेडल झटकन दाबलं तर रबराची कड भिंतीला घट्ट चिकटते आणि क्लच नीट सुटतो. तेच पेडल सावकाश दाबलं तर कड सैल राहते आणि तेल बाजूने निघून जातं. म्हणून तपासताना पेडल मुद्दाम हळू दाबायचं. मेकॅनिक घाईत धाडकन दाबून बघतो आणि म्हणतो, "सगळं बरोबर आहे."

तिच्या गाडीचा स्लेव्ह सिलिंडर बाहेरून दिसणारा होता, गिअरबॉक्सच्या कडेला दोन बोल्टवर बसवलेला, त्याचा दांडा फोर्कला ढकलणारा. चाकांना अडथळे लावले, गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. बहुतेक कारच्या क्लचला ब्रेकसारखा, इंजिनच्या मदतीने जोर वाढवणारा बूस्टर नसतो, त्यामुळे या तपासणीला इंजिन लागत नाही, आणि फिरत्या पट्ट्यांजवळ हात न घातलेलेच बरे. दांड्यावर, रबरी बुटाच्या अगदी कडेला, पांढऱ्या मार्करने रेघ मारली. भाचीने आत बसून पेडल हळू खाली नेलं. दांडा बाहेर आला, रेघ बुटापासून चांगली दूर गेली.

"किती वेळ धरू?"

"मी सांगेपर्यंत."

टॉर्च स्थिर धरून मी रेघेकडे बघत बसले. आधी काहीच नाही. मग रेघ आणि बूट यांच्यामधली फट, बघता बघता कळणार नाही इतक्या धीम्या गतीने, कमी होऊ लागली. फोर्क मागे येत होता आणि ती आतून सांगत होती, "पेडल खालीच आहे हं, मी हललेले नाही." पेडल तळाला आणि दांडा परतीच्या वाटेवर. मधलं तेल गेलं कुठे? स्लेव्हचा बूट उलटून पाहिला तर कोरडा. नळीचे सांधे कोरडे. नळीवर बोट ठेवून तिला परत दाबायला सांगितलं, रबर कुठेही फुगत नव्हतं. राहिला मास्टर.

मग मी ड्रायव्हरच्या बाजूला आडवी झाले आणि मास्टर सिलिंडरचा दांडा जिथे फायरवॉलमधून आत येतो तिथल्या रबरी बुटाची कड बोटाने मागे सारली. बोट काळं आणि बुळबुळीत होऊन बाहेर आलं. म्हणजे आतला कप तर गेला होताच, मागचं सीलही झिरपायला लागलं होतं. काळेपणा त्या रबराचाच, झिजून तेलात मिसळलेला. हे तेल रंग खातं, म्हणून बोट कुठेही पुसू नका, आधी चिंधी हातात घ्या आणि मग खाली शिरा.

मास्टर सिलिंडर अख्खा बदलला, नवं तेल भरलं, हवा काढली. क्लच प्लेट जिथल्या तिथे आहे.

तासभर रहदारीत गेल्यावरच त्रास का व्हायचा, त्याचं कारणही यातच आहे. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या कडेवरून सहज निसटतं. शिवाय क्लचमध्ये ब्रेकचंच तेल असतं, आणि ते हवेतली वाफ शोषून घेतं. ताज्या डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेकच्या तेलाचा दर्जा) तेलाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. इंजिन आणि एक्झॉस्टच्या शेजारून जाणाऱ्या नळीत जुनं, पाणावलेलं तेल उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं, आणि गाडी थंड झाल्यावर तक्रार गायब! गॅरेजात पोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागते. अशा वेळी निदान आधी तेल बदलून बघा. दर दोन वर्षांनी बदलावं असं बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं, आणि क्लचच्या नळीतलं तेल बदलायचं हटकून राहून जातं, कारण ब्रेकचं बदललं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं.

झाकणावर जे तेल लिहिलंय तेच घाला. इंजिन ऑइलचा चमचाभर जरी या टाकीत गेला तरी सिलांचं रबर फुगतं आणि सगळीच सिलं बदलायची वेळ येते. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच तेल आहे, नंबर मोठा म्हणून भारी समजून ते डॉट ४ मध्ये मिसळू नका.

एक सुरक्षेची गोष्ट. बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचकडे जाणारी नळी टाकीच्या वरच्या भागातून निघते. तेल उतरायला लागलं की आधी क्लच हवा घेतो, ब्रेकसाठी खाली साठा राहतो. म्हणून अशा गाडीत क्लच अचानक मऊ झाला तर लगेच टाकी उघडून बघा. गळती क्लचची नसून ब्रेकची असू शकते, आणि क्लचने तुम्हाला आधी कळवलेलं असतं.

हवा काढण्याची रीत सगळ्यांना माहीत असते: पेडल खाली, निपल (स्लेव्हवरचं हवा काढायचं छोटं तोंड) उघडा, बुडबुडे जाऊ द्या, निपल बंद, मग पेडल वर. चुकतं ते क्रमात. निपल उघडं असताना पेडल वर आलं की बाहेर काढलेली हवा परत आत. टाकी रिकामी होऊ देऊ नका, काढलेलं तेल परत ओतू नका. काही गाड्यांत नळीला मध्येच उंचवटा असतो आणि तिथला बुडबुडा काही केल्या खाली येत नाही. मग उलटं करायचं, खालच्या निपलमधून स्वच्छ तेल हळूहळू वर ढकलायचं. हवेला वरच जायचं असतं, तिला तिच्या वाटेने जाऊ द्यावं.

हायड्रॉलिकच्या गाडीत क्लच घसरतोय म्हणून लगेच प्लेट काढायला धावू नये, यालाही कारण आहे. मास्टरच्या दांड्याला दट्ट्यापाशी किंचित खेळ ठेवलेला असतो. पाय काढला की दट्ट्या पूर्ण मागे येतो, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र उघडतं आणि नळीतला दाब मोकळा होतो. कुणी दांड्याची लांबी वाढवून हा खेळ खाऊन टाकला तर ते छिद्र झाकलेलंच राहतं. तेल तापून फुगतं, त्याला जायला जागा नसते, आणि स्लेव्हचा दट्ट्या पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबून धरतो. गाडी थंड असताना उत्तम, तापल्यावर घसरते. जुनी रबरी नळी आतून सुजली तरी असंच होतं, तेल जोराने जातं पण परत येताना अडतं. तपासायला सोपं आहे: घसरत असताना गाडी थांबवून स्लेव्हचा निपल क्षणभर सैल करा. तेलाची पिचकारी उडाली आणि घसरणं थांबलं, तर दाब अडकला होता. चेहरा लांब ठेवा आणि गरम भागांपासून हात जपा. निपल घट्ट केल्यावर टाकीतलं तेलही बघून घ्या.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवतीच बसवलेला असतो. तिथे ना फोर्क दिसतो ना दांडा, आणि तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळातून थेंब पडत असेल तर तो कशाचा, ते आधी ठरवा. भांड्यात पाणी घेऊन त्यात थेंब टाका. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळून जातं, इंजिनचं आणि गिअरचं तेल तरंगत राहतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. तरंगणारं तेल निघालं तर इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील गेलंय, आणि ते तेल प्लेटवर उडत असेल तर क्लच घसरण्याचं कारणही मिळालं. असा गिअरबॉक्स उतरलाच, तर तेव्हा मात्र प्लेट, बेअरिंग, सीलं सगळं एकदम करून घ्यावं. मेहनत तीच.

आवाजांचं थोडक्यात. पेडल दाबताच आवाज सुरू आणि सोडताच बंद, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर बंद, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. इंजिन बंद असतानाही पेडल चुंई चुंई करतंय, तर वरच्या पिव्होटला ग्रीस हवंय. पायाखाली थरथर येत असेल तर डायफ्रॅमची बोटं एका पातळीत राहिलेली नाहीत, आणि ते बाहेरून दुरुस्त होण्यातलं नाही.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट पायापाशी पडलेली मिळते: रबराचे किंवा प्लॅस्टिकचे ठिसूळ तुकडे. पेडलच्या पट्टीत एक छोटा स्टॉपर असतो, स्विचचं टोक त्यावर टेकतं. उन्हाने वाळून तो फुटला की टोक भोकातून आरपार जातं आणि गाडीला पेडल दाबलंय की नाही हेच कळेनासं होतं. मग गाडी स्टार्टच होत नाही, आणि बॅटरी, स्टार्टर, चावी सगळ्यांवर संशय घेऊन होतो. जमिनीवरचे ते तुकडे झाडून टाकण्याआधी वर बघा.

आणि रस्त्यातच पेडल खाली गेलं आणि वर आलंच नाही, तर घाबरू नका. बहुतेक पेडलांना पायाला मदत करणारी स्प्रिंग असते, ती मध्यबिंदू ओलांडला की पेडल खालीच ओढून धरते. एरवी तेलाचा उलटा दाब पेडल वर आणतो, तो संपला की स्प्रिंग जिंकते. गाडी चालती असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, गिअर लिव्हर न्यूट्रलकडे ओढून धरा, ओढ कमी झाली की ती क्लचशिवायही सुटते, आणि ब्रेकने गाडी कडेला घ्या. मग पायाचं बोट पेडलमागे अडकवून ते वर खेचा, दोन-तीनदा पंप करा. गाडीखाली किंवा डॅशखाली तेल दिसत नसेल, ब्रेकचं पेडल कडक असेल आणि पंप करून क्लच सुटत असेल, तर जवळच्या गॅरेजपर्यंत हळू जाता येतं. यातली एक जरी गोष्ट नसेल तर टोचन करूनच न्या.